साखळी

रखमाजींनी वल्हं आडवं धरलं.
टेकडीवरचा मोबाइलचा टॉवर आणि आमराईची खिंड
एका रेषेत आली, तिथे.
"इथंच," म्हणाले. "साठ फूट. मे महिन्यात पंचेचाळीस."

भाटघरचं पाणी. डिसेंबर. सकाळचे नऊ.
मी डायव्हिंग शिकले पुण्याच्या तलावात,
निळ्या फरशीवर, क्लोरीनमध्ये,
जिथे बुडालेली वस्तू म्हणजे कुणाचा तरी गॉगल.

इथे वीस फुटांवर चहा, चाळीसवर काढा,
त्याखाली रंगाचं काही सांगता येत नाही.
टॉर्चचा उजेड हातभर जातो, थकतो.
मग एकदम, कपाळापाशी, लाकूड.

लाँच. आधी धरणावरच्या साहेबाची,
नंतर आठवडी बाजाराची:
कोंबड्या, गुळाच्या ढेपा, एकदा नवरीसकट वऱ्हाड.
खारं पाणी असतं तर किड्यांनी कधीच संपवली असती.
गोड्या पाण्याला घाई नसते.
फळी फळीला धरून आहे. बाकांवर गाळ बसलाय
तिकीट काढल्यासारखा.
खिडकीतून एक चिलापी बघते. परकी मीच.

पण आले होते ते एवढ्यासाठी नाही.
रखमाजींना एकच गोष्ट हवी होती:
सत्तावन्न वर्षांपूर्वी, वादळाच्या रात्री,
त्यांच्या वडिलांनी लाँच बांधली होती का.
मेलं कुणी नाही. चौकशी अर्ध्या तासात उरकली:
भिवा नावघणे पिऊन होता, मोकळीच सोडून गेला.
"नाव गेली," रखमाजी म्हणतात, "अन् नावबी गेलं."

नाळेपाशी हात फिरवला. लोखंडी कडं.
कड्यात साखळी, अंगठ्याएवढी जाड,
तीन वेढे, वर आकडा अडकवलेला.
पुढे ती खाली उतरते. मी तिच्यामागे,
कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत गाळात,
एकेक कडी मोजत. चौदा. पंधरा.
खुंट लागेल, की तुटलेलं टोक, की नुसतंच टोक?
हवेचा काटा लालावर आला.
सतरावी कडी सोडून दिली.

वर येताना दोनदा वाक्य जुळवलं.
पंधरा फुटांवर तीन मिनिटं थांबावं लागतं,
तिथे तिसऱ्यांदा.
होडीचा काठ धरून शेवटी होतं तेच सांगितलं:
साखळी आहे. दुसरं टोक गाळात गेलंय. हाती लागलं नाही.

रखमाजी बराच वेळ वल्ह्यावरचं पाणी निपटत राहिले.
"म्हंजे साखळी होती," म्हणाले.
मग माझी टाकी वर ओढून घेतली,
दोराला गाठ मारली,
आणि त्या गाठीवर अजून एक.