निधान

पहाटे साडेचारला किल्ली फिरवली की
आधी तीन सेकंद खडखड,
पत्र्याच्या डब्यात कुणी चिंचोके हलवावेत तशी.
मग तेल वर चढायचं आणि गाडी गप्प.
तीन सेकंदांचं काय एवढं, मी म्हणायचो.
कोल्हापुरात घेतलेली, एमएच नऊची;
पासिंग बदललं, पाटीवर केए बावीस आलं,
आवाज तोच राहिला.

दिवाळीनंतर तिनाचे दहा झाले.
मग एकदा बेळगुंदीच्या चढाला,
मागे रताळ्यांची पंचवीस पोती,
इंजिन तापलं तरी वाजतच राहिली.

उद्यमबागेच्या मागल्या गल्लीत दुंडाप्पा मिस्त्री.
आधी चहा संपवला.
मग लांब स्क्रू-ड्रायव्हर, टोक इंजिनाला, मूठ कानाला,
डोळे मिटलेले.
"चेन वाजूलालीय. दात सुटला एकदा
तर व्हॉल्व जाऊन पिस्टनवर आपटतील.
मग हातगाडी घे."

पंखा, पट्टा, रेडिएटर, पुढचं झाकण.
बोल्ट बिस्किटाच्या डब्यात, ज्याच्या त्याच्या क्रमानं.
गाइडचे तुकडे तेलाच्या तळाशी,
काळे, सुपारीच्या खांडांएवढे.
आणि चेन? अख्खी. एक कडी तुटलेली नाही.
धड आहे की हो, मी म्हटलं.
तो बोलला नाही.
भिंतीच्या एकाच खिळ्याला नवी टांगली, जुनी टांगली.
जुनी अर्ध्या पेरानं खाली आली.

"लोखंड ताणत नाही रे.
दर पिनेत केसभर झिजतंय.
आता पिना मोज."
मी मोजायला लागलो. चाळीसच्या पुढं चुकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी चेन बसली,
तिच्या पिवळ्या कड्या चाकांवरच्या खुणांना जुळवून.
मी किल्लीकडे वळलो तर हात आडवा घातला.
आधी हातानं दोन वेढे.
खालचं चाक दोनदा फिरतं
तेव्हा वरचं एकदा.
लांब पाना माझ्याकडे दिला, बॅटरी धरून तो वाकला.
"निधान," म्हणाला. "निधान, निधान."

त्याच्या कन्नडात, हळू.
माझ्या आईच्या तोंडी, पुरून ठेवलेलं धन.
मी पाना आणखी हळू ओढला.
कुठं काही अडतंय का, मनगटाला कळतं म्हणे.
ओंदु, तो म्हणाला.
एक, मी म्हणालो.
एरडु.
दोन.

चाकांवरच्या खुणा पुन्हा जागेवर आल्या,
पिवळ्या कड्या मात्र भलतीकडेच.
माझं तोंड बघून तो हसला.
"त्या लवकर जुळायच्या नाहीत परत.
घाबरू नको, तसंच असतंय."
साडेआठ हजार झाले. निम्मे दिले,
निम्मे या पट्टीचे पैसे आल्यावर.

सकाळी किल्ली फिरवली.
काही नाही. नुसती गुरगुर,
झोपेत कूस बदलल्यासारखी.
मीच खाली उतरून बघितलं, चालू आहे ना.
शेजारी तंगेव्वाच्या घरात अंधार.

संध्याकाळी ती कुंपणाशी उभी, डोक्यावर पदर, रागात.
"गाडी विकलास काय रे?
सहा वर्षं तुझ्या खडखडीवर चूल पेटवतोय आम्ही.
फुलांची बुट्टी तशीच राहिली, पाचची बस गेली."

काय सांगणार.
सध्या निघताना हॉर्न देतो.
आधी कुत्री उठतात,
मग ती.