चौथा हीटर

पहाटे साडेचारला चावी अर्धी फिरवायची
आणि थांबायचं.
डॅशबोर्डवर पिवळं वेटोळं उजळतं,
जिलबीच्या शेवटच्या वळशाएवढं.
मी मनात वीस मोजते.
पूर्वी दहात भागायचं.

परभणीचा पारा म्हणे पाचावर आलाय,
बोरीच्या पुढं धुकं,
आणि चारातला एक हीटर मेलाय.
कोणता, ते हुसनोद्दीन मिस्त्रीलाही
तार सोडवून दिवा लावल्याशिवाय कळायचं नाही.

मागच्या बाकाखाली नायट्रोजनचं टाकं,
त्यात वळूंच्या कांड्या,
उणे एकशे शहाण्णव अंशांवर निवांत.
तिथं थंडी राखायची, इथं ऊब आणायची.
माझा अर्धा पगार या दोघांत संपतो.

गाडी घेतली तेव्हा भावकीत कुणीतरी म्हणालं,
बाईमाणसाला ढेकळं तुडवणारी गाडी कशाला?
उत्तर राहूनच गेलं.
चारठाण्याच्या शिवारात कॅनॉलचं पाणी सुटलेलं
आणि हरभऱ्याच्या पल्याड
एक लाल कंधारी अडलेली.

काळ्या रानात शिरायच्या आधी उभं राहायचं.
क्लच पूर्ण. आखूड दांडा मागं.
दातात दात बसल्याचा आवाज येईस्तोवर
पुढं बघायचं नाही.
घाई करणाऱ्याची चाकं जागच्या जागी हौद खणतात.
पहिला गिअर, पेडलवरून पाय काढलेला,
इंजिन आपल्या मतानं चालतं,
मी फक्त स्टिअरिंग सैल धरते.

माझी वही एकच.
डाव्या पानावर: राणी गाय, दुसरं वेत, फळली पाच मार्चला.
उजव्या पानावर: ऑइल बदललं, फिल्टर बदलला,
पंप नांदेडला दाखवायचाय (तीनदा लिहून तीनदा खोडलंय).
फिल्टरच्या बुडाची खिट्टी सैल केली
की आधी पाणी येतं, मग गढूळ, मग डिझेल.
"थंडीत टाकी अर्धी ठेवू नका मॅडम," मिस्त्री म्हणतो,
"रातच्याला घाम सुटतो तिला. भरून झोपवा."
तो धुरावरून दुखणं ओळखतो,
पांढरा, निळा, काळा.
मी शेणावरून.
दोघांचाही कागदी रिपोर्टावर विश्वास नाही.

काल रात्री टाकी अर्धीच होती.

तांड्यावरून थावराचा तिसरा फोन:
पाय दिसायलेत, डोकं नाही.
स्टार्टर नुसता कण्हतो.
बॅटरीच्या उजेडात बॉनेट उघडून
हातपंप दाबत बसले,
नट सैल, बुडबुडे, पुन्हा बुडबुडे,
मग बोटांवर थंडगार सलग धार.
नट घट्ट. वीस. नाही, तीस मोजले.
खोकली, थरथरली, पांढरं ओकली,
आणि लागली.

तांड्यावर पोचल्यावर बंद केली नाही.
हात साबणानं तीनदा धुतले
तरी म्हशीनं मान वळवून नाक फेंदारलं: डिझेल.
चाळीस मिनिटं.
वगार आली, ओली, निळसर जिभेची,
थंडीनं लटलटायली.
शेकोटी ओल्या काड्यांची, नुसता धूर.
थावराची बायको बुनीबाई
माझ्याकडं न बघता म्हणाली,
"गाडी गरम असंल की."

चौघांनी गोणपाटासकट उचलली,
बॉनेटवर ठेवली.
रंग गेला तर गेला.
खाली इंजिन एका लयीत,
वर चार पाय कुठं ठेवावेत ते न कळलेलं जनावर,
पोरांचे तळवे मडगार्डला चिकटलेले,
आणि म्हैस खालून हंबरते,
तिचं मूल कुणी पळवलं म्हणून.

काचेतून मला फक्त शेपटी दिसत होती
आणि पिवळा दिवा, केव्हाचा विझलेला.

मिस्त्रीला संध्याकाळी सांगितलं.
तो हसला नाही. विचारलं,
"किती वेळ चालू ठेवली उभ्यानं?"
"दीड तास."
"ऑइल बघून घ्या," म्हणाला,
आणि खिशातून नवा हीटर काढून
शर्टाला पुसला.