रुमालाखालचा भाव

गणपती पेठेत हळदीच्या वखारीवर
आरवाड्यांचं शेअरचं ऑफिस.
जिन्यातच पिवळी धूळ बसते,
डीमॅटच्या फायलींनाही तिचा वास.

सकाळपासून एकच विषय:
त्या हैदराबादच्या कंपनीच्या गोळीला
मंजुरी मिळणार की नाही.
'बायकांचं हार्मोनचं आहे काहीतरी,'
सुकुमारशेठ सांगतात, आणि 'बायकांचं' म्हणताना
आवाज खाली घेतात, जणू भाव फुटेल.

बेडग्यांचा मुलगा म्हणतो, साठ टक्के.
समितीतले दोघं विरोधात आहेत, म्हणे.
मिरजेचे डॉक्टर फोनवर:
'जुन्या औषधावर कॅन्सरचा ठपका होता,
तो पुसल्याशिवाय कागद हलायचा नाही.
तिसऱ्या टप्प्याचे आकडे बघा, मग बोला.'

बाबगोंडाअण्णांना टप्पे कळत नाहीत.
त्यांनी तीस वर्षं रुमालाखाली बोटं दाबून
हळदीचे सौदे केले.
'पेव उघडल्याशिवाय आतली हळद
कुणाला कळलीय? अर्धं विका, अर्धं ठेवा.'

मी ऑर्डरी टाकते.
दोनशे. पाचशे. दीड हजार.
आणि अकरा वाजून काही मिनिटांनी
ते येतं.
हळद शिजायच्या काहिलीवरचं पोतं
कुणी एकदम उचलावं, तसं
छातीतून वर, मानेवर, कानाच्या पाळ्यांपर्यंत.
पंखा पाचवर. महिना जानेवारी.
घामाचा थेंब कीबोर्डवर
नेमका शून्यावर पडतो.

'मगदूमबाई, बीपी आहे का?'
'नाही, ऊन.'
खिडकीत ऊन नसतं.

पहाटे तीनला मी गच्चीवर उभी असते,
हात टाकीच्या गार पत्र्यावर टेकून.
खालून नवरा म्हणतो, थंडी आहे, आत ये.
हे कुठल्या टप्प्यात धरलं असेल?

तीनच्या सुमाराला बातमी:
निर्णय सहा महिने पुढे.
आठ टक्के खाली.
बेडग्यांचा मुलगा शिवी घालतो,
मग माझ्याकडे बघून जीभ चावतो.
सुकुमारशेठ चहा सांगतात.

अण्णा उठतात, माझ्या टेबलापाशी थांबतात.
आपला रुमाल ठेवतात.
'आमच्या हिलाही व्हायचं असं. चार वर्षं.'
आणखी काही बोलणार, तर
चपला शोधायला लागतात.

साडेतीनला चार मिनिटं कमी.
मी मान पुसते, आणि माझ्या खात्यावर
दहा शेअर घेते.
नफ्यासाठी नाही, असं
अगदीच म्हणता येणार नाही.