दुसरा रकाना

शारजात शुक्रवारी एकाच आवारात
देव अकरा भाषा ऐकत बसलेला असतो.
आमची वेळ दोन ते साडेतीन.
मल्याळी मंडळी उठून जातात तेव्हा खुर्च्या गरम असतात,
आणि आमचा शेवटचा आमेन व्हायच्या आत
फिलिपिनो पोरं गिटार घेऊन दाराशी उभी.

मी मराठी मंडळीचा खजिनदार.
एरवी सजाच्या यार्डात पाइप आणि क्लॅम्प मोजतो.

भागीदारीचा कागद आम्हीच तयार केला.
तिकडची मंडळी दक्षिण सुदानातली,
येई नदीपलीकडची, सात वर्षं रानात काढून
आपापल्या जळक्या घरांकडे परतलेली.
कागदावर रकाने दोन: आम्ही देऊ. तुम्ही द्याल.
पहिल्यात लिहिलं, पत्रे चाळीस, खिळे,
तीन हजार दिरहम, दोन हप्त्यांत.
दुसऱ्यात काय, म्हटल्यावर सुलभा भिंगारदिवे म्हणाली,
"लिही ना, पोचपावती. आणि फोटो."

फोटो म्हणताच वडिलांचा कोट आठवला.

नेवाशाकडच्या आमच्या वाडीत मिशनच्या पिंपातून निघालेला,
बाह्या मांडीपर्यंत,
कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं शिवलेलं नाव: एच. लिंडक्विस्ट.
वडील आठ वर्षांचे, चैत्राच्या उन्हात उभे,
बटणं गळ्यापर्यंत लावलेली.
आभाराचं पत्र मडमेनं लिहिलं, पोरांनी अंगठे केले.
लिंडक्विस्टला काय हवं, कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी होतं काय आमच्याकडे,
मेथीची जुडी, थोडी बोरं.
पण बोरं गोड होती.

मी दुसरा रकाना कोरा सोडला.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. सही: पास्टर एलिझाय वानी.
वाणी! सगळे हसले.
प्रबोध वाघचौरे म्हणाला, "मग हिशेब चोख असणार."
(तिकडे तिसऱ्या मुलाला वानी म्हणतात, हे मागाहून कळलं.)
हिशेब चोखच होता.

"पत्रे अडतीस पोचले. दोन वाटेतल्या चौकीवर राहिले.
खिळे पुरले.
तुमच्यातल्या नऊ जणांना चार महिने पगार नाही, असं तुम्ही लिहिलंत.
गेल्या बुधवारी आम्ही दुपारचं जेवलो नाही.
त्यांची नावं पाठवा.
नऊ जण एवढंच म्हणून प्रार्थना करता येत नाही.
आम्हीही बरीच वर्षं नुसता आकडा होतो."

एसीचा आवाज तेवढा.
मागच्या रांगेत दानियल उबाळे
पुढच्या खुर्चीचा रंग नखानं खरवडत होता.
घरी त्यानं सांगितलं नव्हतं.
आणि ती ओळ, नऊ जणांची, मीच खरडली होती,
दुसरा हप्ता लांबणार
म्हणून, सबब म्हणून.

नावं पाठवली. नऊ. बापाच्या नावासकट.

मग पेरणी, कापणी, मधे काहीच नाही.
आणि एका शुक्रवारी ओपियो नावाचा सिक्युरिटी गार्ड
कंपालाहून सुट्टी संपवून आलेला,
हातात दूध पावडरचा जुना डबा.
आत दोन किलो तीळ.
चिठ्ठी: सुरुंग काढलेल्या शेतातले पहिले. भाजून खा.

सुलभानं भाजले. तळहातावर चिमूट चिमूट.
ओपियोला दिले, झाडलोट करणाऱ्या कुरियनला दिले,
दारातल्या गिटारवाल्यांनाही.
एक तीळ सात जणांत, लहानपणापासून म्हणत आलो.
तो तीळ कुणाचा, हे त्या म्हणीत नाही.
आम्ही आपला धरून चाललो होतो.

वर्षअखेरीला मी दुसऱ्या रकान्यात लिहिलं:
तीळ, दोन किलो. बुधवार, एक.
हिशेब तपासनिसानं चष्म्यावरून बघितलं. "किंमत?"
मी मोजणारा माणूस.
पण जीभ आपोआप मागच्या दाढेकडे गेली,
जिथे त्या रात्री सजाच्या बसमध्ये
एक तीळ अडकून राहिला होता
आणि मी तो काढत नव्हतो.