कारवीच्या काड्या

पाटणहून सुटलेली मुक्कामाची गाडी
रात्री साडेआठला कातरवाडीत येते आणि गप्प होते.
ड्रायव्हर काचेला आतून वर्तमानपत्र लावतो,
कंडक्टर देवळात गोधडीत शिरतो,
मग उरतात चार कुत्री आणि मी.

पाटणात सातला उगवलेला सूर्य
आमच्याकडे दहाच्या पुढे पोचतो.
डोंगर पाठ करून बसलाय,
त्यामुळे आमच्या वाटणीचं ऊन
आधी पठारावरच्या पवनचक्क्यांना,
मग पलीकडच्या धनगरवाड्याला, मग ओढ्याला,
आणि उरलंसुरलं
शाळेला.
दहाच्या प्रार्थनेला बावीस पोरं सावलीत,
तोंडातून वाफ सोडत,
प्रतिज्ञा म्हणतात दातावर दात आपटत.

पहिल्याच थंडीत मी बदलीचा अर्ज लिहिला.
कारण : प्रकृती ठीक नसणे.
खरं तर दुखत काहीच नव्हतं.
नुसतं उठून स्टोव्ह पेटवावासा वाटेना,
केस विंचरावेसे वाटेनात,
भाताचं पातेलं दोन दोन दिवस तसंच.
ह्याला अर्जात रकाना नाही.

तिसरीतली गोदा झोरे मात्र
प्रार्थना संपली की पळायची,
अंगणात ऊन जिथवर आलंय तिथे
कारवीची एक काडी रोवायची.
विचारलं तर म्हणाली,
"किती लांब जातंय ते बगती, बाई."

लांबच जात होतं ते.
पायरीपासून मागे मागे काड्यांची रांग,
पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीच्याही पलीकडे,
शेवग्यापाशी.
मला वाटायचं, थांबवावं हिला,
वाईट बातमी रोज मोजायची कशाला?

संध्याकाळी ज्ञानू शेलारच्या गिरणीत जायची.
दळण उतरलं की तो म्हणायचा, "घाला हात."
डब्यात नाचणीचं ताजं पीठ,
मनगटापर्यंत कोमट.
गावात एवढीच एक ऊब फुकट मिळते.
मध्येच लाईट जायची, पट्टा सुस्कारा टाकून थांबायचा,
त्याची बायको आतून भाजल्या शेंगांचं सूप आणायची
आणि पिठाळलेल्या भुवयांनी ज्ञानू
ज्याचं दळण अडकलंय त्याच्याच शिव्या
त्याला चालीवर म्हणून दाखवायचा.
मी हसायची. घरी येऊन आठवायचं,
की हसले.

पौषात तीन दिवस आभाळ आलं.
ऊन नाही, सावली नाही, रेघच नाही.
गोदानं तरी काडी रोवली.
म्हटलं, अगं, कशावरून?
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसा मी साताचा पाढा चुकले.
"ढगाच्या वर हाय की त्यो.
त्यो काय रजेवर न्हाई."

संक्रांतीच्या आसपास दोन काड्या
एकाच भोकात बसल्या.
त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.
पुढच्या सोमवारी एक काडी आत आली,
बोटभर.
तिळातिळानं दिवस वाढतो, हे मी
दरवर्षी फळ्यावर लिहिते,
पण तीळ केवढा असतो
ते तेव्हा कळलं.

काल मला मोह आवरला नाही.
घंटा तीन मिनिटं उशिरा दिली.
ऊन टाकी ओलांडून आलं,
मागच्या रांगेतल्या चौघांच्या मानेवर बसलं,
त्यांनी डोळे मिटले आणि प्रतिज्ञा विसरले.
गोदा काडी घेऊन आली,
उन्हाकडे पाहिलं, माझ्या घड्याळाकडे पाहिलं,
काडी परत दप्तरात ठेवली.
"आसं चालत न्हाई, बाई."

अर्ज अजून पेटीतच आहे, खोटं कशाला बोलू.
पण आज सकाळी केस विंचरले,
घंटा दहाला दिली, बरोबर दहाच्या ठोक्याला,
आणि पोरांना सांगितलं,
सगळ्यांनी
दोन पावलं मागे सरा.