पेटी

बाबल मेस्त्री पेटीवर बोटाची पेरं मारतो,
फणस पारखावा तशी. फक्त उलट:
इथं घुमली की नापास.
"पेटयेन गावक नको. गातलो तो येगळो."
आणि आतून आणखी एक आडवी पट्टी चिकटवतो.

वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत स्पीकरचा कागद
रात्रीत मऊ पडतो. सात महिने गेले
तेवढ्या एका गोष्टीत.

काल कोल्हापूरचे डॉक्टर शहापुरे आले.
जोडीची किंमत ऐकून चहा गार होऊ दिला.
मग मी जुनी तबकडी लावली.
सुराच्या आधी
बाईंनी घेतलेला श्वास
खोलीत, आमच्यापासून हातभर.

"पेट्या बंद आहेत का?"
डोळे मिटूनच विचारलं त्यांनी.

मी पडवीत धावलो सांगायला.
मेस्त्री बिडी शोधत होता.
"डाव्येचो येक इस्क्रू सैल आसा," म्हणाला.