नावाची फोड

मिसेस ओल्डरॉइड फॉर्मच्या पाठीवर लिहून दाखवते:
एच, ए, ई, एम, ओ.
"यातला ए कुणालाच ऐकू येत नाही, लव्ह,
पण आमच्याकडे तो लिहायचाच."
(इथे सगळेच सगळ्यांना लव्ह म्हणतात,
ट्रामचा ड्रायव्हरसुद्धा.)

न्यू जर्सीची नणंद हा ए गाळते.
सुहृद विचारतो, "अटलांटिकमध्ये पडला का तो?
मग तिकडच्या मुलांचं
एक अक्षर कमी गळतं?"

शेफील्ड. सुऱ्याकाट्यांचं गाव.
या गावात पिढ्यान्‌पिढ्या पाती घासली गेली
आणि मी माझ्या मुलाला
पेन्सिलीच्या टोकाचीही भीती घालून वाढवतेय.
फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी
त्याचं फॅक्टर आठ.
एक दिवसाआड, डाव्या हाताची शीर.
ती सापडेपर्यंत
आम्ही दोघं श्वास धरतो.

"हायमा म्हणजे रक्त, फिलिया म्हणजे प्रेम,"
ती सांगते. "ग्रीक."
रक्तप्रेम.
मला हसू येतं. कुणाचं, कुणावर?
"आधी शब्द बराच लांब होता म्हणतात,
मधे वाहण्याचा एक तुकडा होता.
दोनेकशे वर्षांपूर्वी जर्मन डॉक्टरांनी तो छाटला."
म्हणजे वाहणं तेवढं वाहून गेलं
आणि प्रेम मागे राहिलं.

देवनागरीत मात्र
सुरुवातीलाच दिसतं ते हिम.
आईला फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाली,
"बर्फाचं काही आहे का? तिकडच्या थंडीनं?"
नाही गं. त्याचं रक्त गोठत नाही.
"एवढ्या थंडीत गोठत नाही, मग चांगलंच की."
मी पुन्हा सांगितलं. सावकाश.
पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या,
मग ती म्हणाली,
"शिरीषचंही थांबायचं नाही."

दुधाचा दात होता तो.
चार दिवस. उशीचे अभ्रे, मग चादरी,
मग जुनी धोतरं फाडून.
कुणी तुरटी दिली, कुणी अंगारा.
म्हणाले, पोर नाजूक हाडाचं,
म्हणाले, नजर लागली.
दुखण्याला नाव नव्हतं,
म्हणून घरात हाक मारायला
त्याचंच नाव उरलं,
तेही नंतर आई टाळू लागली.
आता सुहृदला पाहून म्हणते,
"मामाच्या वळणावर गेलाय,"
आणि जीभ चावते.

फॉर्मवर माझ्यासाठीही एक रकाना आहे.
मराठी पत्रकात शब्द छापलाय: वाहक.
बाबा देवरुख आगारात वाहक होते.
खाकी शर्ट, छातीवर बिल्ला,
हातात टिकटिक वाजणारा चिमटा,
तिकिटाशिवाय आईलाही बसू द्यायचे नाहीत.
माझ्या गाडीत हे कुठल्या थांब्यावर चढलं,
मी विचारलं नाही,
घंटी मारली, आणि उतरवलं थेट
माझ्या मुलात.

"एका प्रकाराला ख्रिसमस म्हणतात,"
मिसेस ओल्डरॉइड म्हणते. "तुझा नाही, दुसरा."
सुहृद खुर्चीतून उठतो. "सणावरून?"
"नाही रे. एका मुलाच्या आडनावावरून.
त्याच्यातच तो पहिल्यांदा ओळखला गेला."
"मला नाही मिळालं," सुहृद म्हणतो,
खरोखरचा हिरमुसून,
आणि त्या क्षणी मला वाटतं,
आमच्याकडे कुणी विचारलं असतं वेळेवर,
एखाद्या डॉक्टरनं, वहीत, तारखेसह,
तर.

कुटुंबातील पूर्वेतिहास.
रकाना छोटा आहे.
"मामा होता," मी म्हणते. "नऊ वर्षांचा."
ती पेन टेकवते. "स्पेलिंग सांगशील, लव्ह?"
एस, एच, आय… मी थांबते.
इथे आय एकच, दोन्हीकडे सारखा.
फॉर्म माझ्याकडे ओढून घेते
आणि आपल्या अक्षरात लिहिते.
सुहृद वाकून बघतो, बोट ठेवतो,
"या दोन वेलांट्या वेगळ्या का?"

पहिली ऱ्हस्व, बाळा.
दुसरी दीर्घ.